बेनगाझीचा फलक आणि मार्चमधले आठ दिवस

प्रश्न असा आला आहे: २०११ मध्ये अरब देशांत जे जनउठाव झाले ते परदेशी फौजांनी बिघडवले, की परदेशी फौजा वेळेवर पोचल्या नाहीत म्हणून ते फसले? आणि लिबियाच्या वेळी भारत सुरक्षा परिषदेत तटस्थ राहिला, ती चूक होती का?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे हे उत्तर कुठल्या चष्म्यातून येतंय ते कळेल. मी लष्करात होतो. त्यातलं एक वर्ष दक्षिण लेबनॉनमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत गेलं. निवृत्त झाल्यावर याच भागाचं राजकारण शिकवतोय. त्यामुळे सुरक्षा परिषदेचे ठराव मी दोन ठिकाणी वाचलेत. एक वर्गात, आणि त्याआधी छावणीत, जिथे ठरावातल्या एका क्रियापदावरून आपल्या जवानाने बंदूक कधी उचलायची ते ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाहेरची फौज उठाव जिंकून देते किंवा चिरडते, हे वरवरचं झालं. तिचा खरा परिणाम वेगळा असतो. देशातल्या दोन बाजूंना एकमेकांशी बोलण्याची जी गरज असते, ती गरजच ती काढून घेते. गावाकडे बांधाचं भांडण वर्षानुवर्षं चालतं, पण शेवटी पारावर बसून मिटतं, कारण दोघांनाही उद्या त्याच विहिरीवर जायचं असतं. एकाचा मेहुणा फौजदार निघाला, की तो कशाला पारावर येतोय?

आता लिबिया. तिथे हे सगळं फार जवळून दिसतं.

१५ फेब्रुवारी २०११ ला बेनगाझीत फथी तेरबिल नावाच्या वकिलाला पकडलं. १९९६ मध्ये त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात सुमारे १,२०० कैदी मारले गेले होते. त्यांच्या घरच्यांचा हा वकील. तो आत गेला म्हटल्यावर ती कुटुंबं पोलीस मुख्यालयासमोर जमली आणि ठिणगी पडली. (उठाव फेसबुकने घडवला म्हणणाऱ्यांना मी नेहमी या घरच्यांची आठवण करून देतो. मुलाचा फोटो हातात धरून ते वर्षानुवर्षं उभे होते.) आठवडाभरात शहर सरकारच्या हातून गेलं. २२ फेब्रुवारीला लिबियाचा हुकूमशहा गडाफी टीव्हीवर आला, विरोधकांना उंदीर म्हणाला आणि घर न् घर, गल्ली न् गल्ली धुंडाळू म्हणून गरजला.

त्या सुमाराला बेनगाझीत एका इमारतीवर मोठा फलक लागला. इंग्रजीत लिहिलेला, म्हणजे बाहेरच्यांनी वाचावा म्हणूनच. परदेशी हस्तक्षेप नको, लिबियाची जनता स्वतः समर्थ आहे, असा त्याचा मजकूर. तीन आठवड्यांनी त्याच शहरात लोक फ्रान्सचे झेंडे नाचवत होते.

याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. गडाफीचे रणगाडे दीडशे किलोमीटरवर, अजदाबियापर्यंत आले की माणूस फलक बदलतो. लेबनॉनमध्ये आमच्या तुकडीच्या गावात एक म्हातारे मुख्तार होते, म्हणजे आपल्या पोलीस पाटलासारखे. कॉफी पाजता पाजता त्यांनी एकदा आयुष्यात गावात पाहिलेल्या परक्या फौजा बोटांवर मोजून दाखवल्या. फ्रेंच, १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन, मग पॅलेस्टिनी बंदूकवाले, इस्रायली, नॉर्वेचे शांतिसैनिक. एक हात संपला. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी माझ्याकडे रोखला आणि हसले. त्यातल्या निदान तिघांवर गावाने स्वागताला तांदूळ उधळले होते, असंही म्हणाले. त्या तांदळाचा अर्थ एवढाच की त्या दिवशी आलेली फौज आदल्या दिवशीच्या फौजेपेक्षा बरी वाटली.

आता ते आठ दिवस. १२ मार्च: अरब लीगने कैरोत बसून सुरक्षा परिषदेकडे मागणी केली की लिबियावर उड्डाणबंदी लादा, जनतेला वाचवा. मागणीचा जोर आखाती राजांचा. १४ मार्च: त्याच राजांच्या फौजा समुद्रावरच्या पंचवीस किलोमीटरच्या पुलावरून बहारीनमध्ये शिरल्या. सौदीचे सुमारे हजार सैनिक, संयुक्त अरब एमिरातीचे पाचशे पोलीस. तिथेही महिनाभर उठाव चालू होता. राजधानी मनामात मोत्याच्या चौकात तंबू ठोकून लोक बसले होते. १५ ला आणीबाणी लागली, १६ ला चौक रिकामा केला. १७ ला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेने लिबियाचा १९७३ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. १८ ला बहारीन सरकारने मोत्याच्या चौकातलं स्मारकच पाडलं. आणि १९ ला फ्रेंच विमानांनी बेनगाझीच्या वेशीवर गडाफीच्या वाहनांवर बॉम्ब टाकले.

त्या स्मारकाला सहा शिडं होती, वर मोती. सहा शिडं म्हणजे आखाती सहकार्य परिषदेचे सहा देश. १९८२ मध्ये परिषदेच्या बैठकीच्या निमित्तानेच ते उभारलेलं. बहारीनच्या पाचशे फिल्सच्या नाण्यावरही तेच चित्र होतं, मग नाणीही चलनातून काढून घ्यावी लागली. ज्या मैत्रीचं स्मारक, त्याच मैत्रीची फौज आल्यावर ते भुईसपाट झालं.

बहारीनमधला हस्तक्षेप बातम्यांत हस्तक्षेप म्हणून फारसा आलाच नाही, कारण बोलावणं खुद्द राजाचं होतं. कायद्याच्या पुस्तकात ते चालतं. मान्यताप्राप्त सरकारने शेजाऱ्याला मदतीला बोलावणं बेकायदा नाही. अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय बहारीनमध्येच आहे, अमेरिकेकडून निषेधाचे चार शब्द निघाले आणि थांबले. फौजा पुलावर चढायच्या एक दिवस आधीपर्यंत बहारीनचे युवराज विरोधकांशी वाटाघाटींची भाषा करत होते, त्यांनी सात मुद्दे मांडले होते. फौजा आल्या आणि ते सात मुद्दे कागदावरच राहिले. मी वर मेहुणा फौजदार म्हणालो ते हेच.

लिबियात मेहुणा दुसऱ्या बाजूला मिळाला. आधी तांत्रिक भाग समजून घ्या, कारण इथे वाचकांची फार फसगत होते. उड्डाणबंदी हा शब्द ऐकायला सोज्वळ आहे. वाटतं, आकाशात फाटक लावलं आणि पहारा ठेवला. प्रत्यक्षात पहाऱ्याच्या विमानांना खालून क्षेपणास्त्र लागू नये म्हणून पहिल्याच रात्री रडार, क्षेपणास्त्रांचे तळ, दळणवळणाची केंद्रं फोडावी लागतात. अमेरिका आणि ब्रिटनने त्या रात्री शंभरावर टोमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली. म्हणजे उड्डाणबंदीची सुरुवातच युद्धाने होते. शिवाय गडाफीचा जोर विमानांत नव्हताच. तो होता रणगाडे, तोफा आणि त्याच्या मुलाच्या, खमीसच्या, ब्रिगेडमध्ये. नुसतं आकाश बंद करून बेनगाझी वाचलं नसतं.

हे ठराव लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून चौथ्या परिच्छेदात नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ करायला परवानगी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत या शब्दांचा अर्थ एकच, बळाचा वापर. लगेच पुढे कोणत्याही स्वरूपाची परकीय ताबा-फौज नको, असंही घातलं. माझ्यासारख्या माणसाची नजर मात्र तिसऱ्याच गोष्टीवर जाते: काम पुरं झालं हे कशावरून ओळखायचं? ते ठरावात नाही, शेवटची तारीखही नाही.

१९ मार्चचा हल्ला बरोबर होता, असं मी आजही म्हणतो. यावर माझे बरेच सहकारी माझ्याशी भांडतात. ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१६ च्या अहवालात धोका फुगवून सांगितला गेल्याचं म्हटलं, आणि गडाफीच्या फौजेने परत जिंकलेल्या गावांत सरसकट कत्तल झाली नव्हती हेही नोंदवलं. मान्य. पण ज्या राजवटीने एका तुरुंगात बाराशे माणसं मारून घरच्यांना वर्षानुवर्षं कळवलंही नव्हतं, तिच्या रणगाड्यांसमोर बेनगाझीच्या लोकांनी अहवालाची वाट पाहायला हवी होती, हे मला पटत नाही.

घोडं पेंड खातं ते त्यानंतर. १० एप्रिलला आफ्रिकन युनियनचं शिष्टमंडळ त्रिपोलीत गेलं, त्यात दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष जेकब झुमा होते. युद्धविराम, मदतीला वाट, मग संक्रमणाची बोलणी. गडाफीने हो म्हटलं. त्याचा हो किती खरा होता, हा प्रश्न होताच. पण दुसऱ्या दिवशी बेनगाझीत बंडखोरांच्या परिषदेने सरळ नाही म्हटलं: आधी गडाफीने जावं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. डोक्यावर नाटोची, म्हणजे पाश्चात्त्य लष्करी आघाडीची, विमानं घिरट्या घालत असताना अर्ध्यावर तडजोड कोण करेल? चारच दिवसांनी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे प्रमुख ओबामा, कॅमेरून आणि सार्कोझी यांनी एकत्र लेख लिहून, गडाफी सत्तेवर असलेल्या लिबियाचं भवितव्य कल्पनेतही येत नाही, असं जाहीर केलं. नागरिकांचं रक्षण हा शब्द त्या दिवशी मागे पडला. जूनमध्ये फ्रान्सने नफुसा डोंगरात बंडखोरांना हवाई छत्रीने शस्त्रं टाकल्याचं कबूल केलं, तेही शस्त्रबंदी लागू असताना. कतारचे सैनिक जमिनीवर होते हे कतारनेच नंतर सांगितलं.

सात महिन्यांत नाटोची सव्वीस हजारांवर उड्डाणं झाली, त्यातली सुमारे ९,७०० हल्ल्याची. २० ऑक्टोबरला सिर्तमधून निघालेल्या गडाफीच्या ताफ्यावर वरून हल्ला झाला, तो रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या नळीत लपला, मिसराताच्या पोरांनी त्याला ओढून काढलं आणि मारलं. प्रेत मिसरातात बाजारातल्या शीतगृहात ठेवलं होतं, लोक रांगा लावून बघायला जात होते. अकरा दिवसांनी मोहीम संपली.

मग देश कुणाच्या हाती गेला? गडाफीने आपल्यावर उलटू नये म्हणून सैन्य मुद्दामच दुबळं ठेवलं होतं, खरी ताकद मुलांच्या खास ब्रिगेडमध्ये. त्या नाटोने संपवल्या. शिल्लक राहिल्या गावोगावच्या ‘कतीबा’, म्हणजे सशस्त्र टोळ्या. मिसराताची वेगळी, झिंतानची वेगळी. हंगामी सरकारने शांतता विकत घ्यावी तशी क्रांतिकारकांना पगार सुरू केले आणि प्रत्यक्ष लढलेल्यांपेक्षा कितीतरी पट नावं नोंदली गेली. आपल्याकडे बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं गाजली होती ना, तसंच, फक्त इथे प्रत्येकाच्या खांद्यावर कलाश्निकोव्ह बंदूक. गडाफीकडे नोकरीला असलेले तुआरेग, म्हणजे सहारा वाळवंटातल्या जमातीचे लोक, शस्त्रं घेऊन मालीत परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथे बंड पेटलं. २०१४ पासून लिबियात पुन्हा यादवी. २०१९ मध्ये पूर्व लिबियाचा सेनापती हफ्तार त्रिपोलीवर चालून गेला तेव्हा त्याच्यामागे एमिराती, इजिप्त आणि रशियाचे भाडोत्री होते, तर त्रिपोलीच्या मदतीला तुर्कस्तान आला. बाहेरच्यांच्या पाठिंब्यावर उभं राहायची सवय एकदा लागली की सुटत नाही. पुढे काय याची तयारी केली नाही, ही आपल्या कारकिर्दीतली बहुधा सर्वांत मोठी चूक, असं ओबामांनी २०१६ मध्ये कबूल केलं.

आता लिबियाच्या शेजारी, ट्युनिशियात या. मोहम्मद बुअझिझी या फळविक्रेत्याने १७ डिसेंबर २०१० ला स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली विमानात बसून सौदीला गेला. कुणाचीही विमानं आली नाहीत. सैन्याने लोकांवर हत्यार चालवलं नाही, एवढं पुरलं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २०१३ चं वर्ष. फेब्रुवारीत शुक्री बेलैद, जुलैत मोहम्मद ब्राहमी, दोन डाव्या नेत्यांचे खून झाले. इस्लामी एन्नहदा पक्ष सत्तेत, विरोधक रस्त्यावर, देश लिबियाच्याच वाटेवर. तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवाधिकारवाले अशा चौघांनी मिळून दोन्ही बाजूंना कोंडून बसवलं. एन्नहदाने जानेवारी २०१४ मध्ये सत्ता सोडली, राज्यघटना झाली, चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं. ते बसले, कारण धावून येणारं कुणी कुणाच्याच मागे नव्हतं. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सईद यांनी संसदेला टाळं लावलं, तेव्हा त्या देशाची गोष्ट गोड झाली असंही नाही. पण घरं शाबूत आहेत.

हस्तक्षेप कधीच चालत नाही, असं मात्र समजू नका. १९९१ चं इराक पाहा. कुवेतचं युद्ध चालू असताना थोरल्या बुश यांनी इराकी जनतेला सद्दामला बाजूला करा म्हणून आवाहन केलं. मार्चच्या सुरुवातीला बसऱ्यात उठाव झाला, बघता बघता अठरापैकी चौदा प्रांतांत पसरला. त्याच दिवसांत, ३ मार्चला, सफवान इथे तंबूत युद्धविरामाची बोलणी झाली. इराकी सेनापती म्हणाला, आमचे पूल तुम्ही उडवलेत, अधिकाऱ्यांना फिरायला निदान हेलिकॉप्टर तरी वापरू द्या. अमेरिकी सेनापती श्वार्झकॉफ हो म्हणाले, आणि सशस्त्र हेलिकॉप्टरंही चालतील असं म्हणून गेले. त्याच हेलिकॉप्टरांनी नजफ, करबला आणि कुर्दांचा मुलूख झोडपून काढला. अमेरिकी फौजा हाकेच्या अंतरावर उभ्या होत्या. लष्करी महाविद्यालयात वाटाघाटी शिकवताना मी हा प्रसंग हमखास सांगायचो, कारण समोरचा बारीकशी सवलत का मागतोय हे न विचारल्याची इतकी मोठी किंमत क्वचित दिसते.

पुढे दहा लाखांहून अधिक कुर्द बर्फाच्या डोंगरात पळाले, तेव्हा जगाला जाग आली. उत्तर इराकवर उड्डाणबंदी आली आणि ती टिकली. कारण खाली पेशमर्गांची, म्हणजे कुर्द लढवय्यांची, स्वतःची शिस्तीतली फौज होती, हद्द ठरलेली होती आणि बगदाद जिंकून द्यायचं कुणी कबूल केलेलं नव्हतं. पण त्या छताखाली कुर्दांचे दोन पक्ष आपसांत लढलेच. १९९६ मध्ये त्यातल्या एका पक्षाच्या बर्झानींनी चक्क सद्दामच्याच रणगाड्यांना एर्बिलमध्ये बोलावलं.

सीरियाबद्दल लोक फार लांब विचारतात, मी थोडक्यात सांगतो. राष्ट्राध्यक्ष असदच्या मदतीला आले ते असे: २०१३ मध्ये लेबनॉनची हिजबुल्ला संघटना, ३० सप्टेंबर २०१५ पासून रशियाची विमानं, आणि इराण. असदला विरोधकांशी बोलायचं काही कारणच उरलं नाही. जिनिव्हात फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, निष्पन्न शून्य. विरोधकांनाही तुर्कस्तान, कतार, सौदी, अमेरिका असे चार मेहुणे, त्यांचंही एकमेकांशी पटेना. रशिया युक्रेनमध्ये अडकला, हिजबुल्ला इस्रायलकडून मार खाऊन बसली, आणि नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस उत्तरेतून निघालेले बंडखोर बारा दिवसांत दमास्कसमध्ये. ८ डिसेंबरला असद मॉस्कोला. उसन्या बळावर चाललेलं राज्य उसनवारी थांबताच कोसळलं. इजिप्तमध्ये तर फौजेचीही गरज लागली नाही. जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं, आणि काही दिवसांत सौदी, एमिराती, कुवेतने मिळून बारा अब्ज डॉलर देऊ केले. पैसा हाही हस्तक्षेपच.

राहिला भारत. २६ फेब्रुवारी २०११ च्या १९७० क्रमांकाच्या ठरावाला, म्हणजे शस्त्रबंदी आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे प्रकरण सोपवण्याला, भारताने पाठिंबा दिला होता हे बरेच जण विसरतात. १७ मार्चला दहा मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आणि भारत, ब्राझील, चीन, रशिया, जर्मनी तटस्थ. आपल्या प्रतिनिधींनी सांगितलेली कारणं मला एका सैनिकाची वाटली. महासचिवांच्या दूताचा अहवाल अजून आलेला नाही, आणि हे उपाय कोण, कशाच्या जोरावर, कसे राबवणार हे स्पष्ट नाही. दुसरं कारण कुणी बोललं नाही, पण ते होतंच. लिबियात सुमारे १८,००० भारतीय होते, बांधकामावर, तेलावर, रुग्णालयांत. नुकतंच त्यांतल्या बहुतेकांना विमानांनी आणि जहाजांनी बाहेर काढलं होतं, बेनगाझीहून अलेक्झांड्रियाला तर भाड्याच्या जहाजातून.

तेव्हा, चूक होती का? मत बरोबर होतं असं मी म्हणेन. नंतरचं वागणं कमी पडलं. ठरावाचा अर्थ ताणला जात होता त्या एप्रिल-मे महिन्यांत आपण परिषदेत बसलो होतो. आफ्रिकन युनियनच्या प्रस्तावामागे जोर लावायला वाव होता, तो आपण शब्दांपलीकडे लावला नाही. लिबियाचा राग मग सीरियाच्या माथी निघाला. ऑक्टोबर २०११ मध्ये रशिया-चीनने सीरियाच्या ठरावावर नकाराधिकार वापरला, लिबियाचा दाखला देऊनच. तेव्हाही आपण तटस्थ होतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये मात्र आपण ठरावाच्या बाजूने मत दिलं.

तटस्थतेला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी मार्च-एप्रिल २०१५ चं येमेन आठवावं. २६ मार्चला सौदी आघाडीने बॉम्बफेक सुरू केली. आपली भांडणं कुणाशीच नसल्याने सौदींनी रोज काही तास आकाश मोकळं ठेवलं आणि एअर इंडियाची विमानं सानात उतरून लोकांना जिबूतीला नेऊ लागली. एडनच्या बंदरात गोळीबार चालू असताना नौदलाची ‘सुमित्रा’ शिरली. अशा फेऱ्यांत चार हजार सहाशेवर भारतीय बाहेर निघाले, आणि त्यांच्यासोबत एक्केचाळीस देशांचे सुमारे साडेनऊशे लोक, ज्यांत बॉम्ब टाकणाऱ्यांच्या मित्रदेशांचे नागरिकही होते.